सॉफ्ट पॉवर म्हणजे शेवटी पत

प्रश्न थोडक्यात असा आहे की भारत, ब्राझील, तुर्कस्तान, चीन असे वर येणारे देश अमेरिकेसारख्या दांडग्या देशापुढे सॉफ्ट पॉवर कशी वापरतात, आणि ती खरंच चालते का की नुसती भाषणात बोलायची गोष्ट आहे. सोबत उदाहरणं दिलीत योगा डे आणि हिंदी सिनेमाची. मी परराष्ट्र खात्यातला माणूस नाही हे आधीच सांगतो. औषधांच्या एक्सपोर्टमध्ये होतो, नव्वदीच्या मध्यापासून पंचवीसेक वर्षं, ऑफिस मुंबईत आणि वर्षातले चार-पाच महिने आफ्रिकेत नैरोबी, दार-ए-सलाम, कंपाला, लुसाका असं फिरणं. त्यामुळे माझं उत्तर गोळ्यांच्या खोक्यातून येणार, ते चालत असेल तर पुढे वाचा.

शब्द काढला जोसेफ नाय या अमेरिकन प्राध्यापकाने, १९९० साली. आपल्याला जे हवंय तेच समोरच्यालाही हवंसं वाटायला लावायचं, त्यात धाक नाही की पैसा नाही, असा त्याचा साधारण अर्थ. पण त्याने तो अमेरिकेकडे बघून काढला होता हे लोक विसरतात. हॉलीवूड, तिथली विद्यापीठं, जीन्स, हे सगळं जगभर आपोआप पोचलेलं असताना तो बोलत होता. वर येणाऱ्या देशाचं तसं नसतं. त्याच्यासारखं व्हायचं कोणाच्या मनात नसतं, लुसाकातल्या पोराला बोस्टनला जायचं असतं, ते त्याने कधी लपवलं नाही. मग या देशांकडे काय असतं तर पत. गावात एखाद्याकडे फार पैसा नसतो, दांडगाईही नसते, पण त्याने शब्द टाकला की चार माणसं उभी राहतात, का तर तो चार जणांच्या अडीला उभा राहिलेला असतो. ती पत. बाकी सिनेमा, योगा, खाणंपिणं हे सगळं छान आहे, त्याने दार उघडतं, पण दारात उभं राहून सौदा होत नाही.

आता खरी गोष्ट. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत कमजोर देशांनी अमेरिकेला सगळ्यात स्वच्छ हरवलं ते एड्सच्या औषधांवरून. मी तेव्हा अँटिबायोटिक आणि मलेरियाची औषधं विकायचो. १९९८-९९ ला तिकडच्या सरकारी हॉस्पिटलात गेलं की एका कॉटवर दोन पेशंट, तिसरा खाली चटईवर. एचआयव्हीवरची तीन औषधं एकत्र दिली तर माणूस जगतो हे तोपर्यंत जगाला माहीत झालेलं, पण एका पेशंटचा वर्षाचा खर्च १० ते १२ हजार डॉलर, म्हणजे तिकडच्या डॉक्टरला ते नावसुद्धा घ्यायचं नसायचं. एक डॉक्टर मला म्हणाले होते, ब्रोशर नका दाखवू, त्रास होतो.

भारतात तीच औषधं बनवता येत होती कारण आपला १९७० चा पेटंट कायदा. त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर होतं, म्हणजे वेगळ्या रस्त्याने तोच पदार्थ बनवला तर चालत होतं. त्यामुळे इथल्या रसायनतज्ज्ञांची एक अख्खी पिढी रस्ते शोधण्यात तयार झाली. आणि एक फायदा असा जो बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही: तीन वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांच्या मालकीचे तीन पदार्थ एका गोळीत घालणं त्या कंपन्यांना आपापसात जमत नव्हतं, इथे ते अडवणारं कोणी नव्हतं. सिप्लाची ट्रायोम्यून तशीच आली, सकाळी एक संध्याकाळी एक. ज्या गावात घड्याळ नाही तिथे पंधरा गोळ्या आणि दोन गोळ्या यात केवढा फरक आहे ते विचारू नका.

तिकडे दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये स्वस्त औषधं आणता यावीत म्हणून कायदा केला, मंडेलांनी सही केली, आणि ३९ औषध कंपन्या सरकारविरुद्ध प्रिटोरियाच्या कोर्टात गेल्या. अमेरिकेने वरून व्यापाराच्या वॉच लिस्टचा, म्हणजे नजरेखाली ठेवलेल्या देशांच्या यादीचा, दंडुका काढला. ब्राझीलने १९९६ पासून सगळ्या पेशंटना फुकट औषध द्यायचा कायदा केलेला, सरकारी लॅबमध्ये गोळ्या बनवत होते, तर त्यांच्या पेटंट कायद्यातल्या एका कलमावरून अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत केस टाकली. भारतावर तर पेटंटसाठी दबाव कायमचाच. आता हिशोब करा, या तिघांपैकी एकालाही अमेरिकेशी व्यापारात भांडणं परवडणारं नव्हतं, आपली गोष्ट सोडाच ब्राझीललाही नाही.

मग त्यांनी काय केलं तर भांडणाचा विषय बदलला. पेटंट, करार, कलम हे सगळं वकिलांचं मैदान, तिथे हार नक्की. त्याऐवजी माणूस मरतोय आणि गोळी कपाटात आहे, एवढंच बोलायचं, आणि ते सारखं बोलायचं, आणि अमेरिकेतल्याच लोकांसमोर बोलायचं. १९९९ च्या जूनमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर करत होते तेव्हा त्यांच्या सभेत अमेरिकन एड्स कार्यकर्त्यांनीच घोषणा दिल्या, कारण दक्षिण आफ्रिकेवरचा दबाव त्यांच्या हाताखालून चालला होता. काही महिन्यांत अमेरिकेचा सूर बदलला, २००० च्या मे महिन्यात क्लिंटनने आफ्रिकेपुरता तो दबाव काढून घेणारा आदेशच काढला. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीदांनी डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सना वर्षाला ३५० डॉलरमध्ये तिन्ही औषधं देतो म्हणून सांगितलं आणि बारा हजारांच्या आकड्याची वाचाच गेली. एप्रिलमध्ये त्या ३९ कंपन्यांनी प्रिटोरियातली केस मागे घेतली, जूनमध्ये अमेरिकेने ब्राझीलवरची. केस हरले म्हणून नाही बरं का, लाज वाटायला लागली म्हणून.

आणि मग ऑक्टोबर. अमेरिकेत पाकिटातून अँथ्रॅक्स रोगाचे जंतू यायला लागले, त्यावरचं औषध बायर कंपनीच्या पेटंटमध्ये, तर अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनीच धमकी दिली की भाव कमी करा नाहीतर पेटंट बाजूला ठेवू. त्या सगळ्या प्रकरणात पाच माणसं गेली. पुढच्याच महिन्यात दोहाला व्यापार संघटनेची बैठक होती आणि तिथे आफ्रिकन गट, भारत, ब्राझील सगळे बसलेले. काय बोलणार अमेरिका? १४ नोव्हेंबर २००१ ला दोहा जाहीरनाम्यात लिहून मिळालं की पेटंटचा करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येता कामा नये. मी तेव्हा कंपालात होतो, आमच्या एजंटने पेपर आणून टेबलावर टाकला आणि म्हणाला आता तुमची फाइल पुढे सरकेल, आणि सरकली.

ही गोष्ट एवढी लांबवून सांगितली कारण यात सॉफ्ट पॉवरचं सगळं मशीन उघडं दिसतं. एक म्हणजे कुठल्याही मंत्रालयात बसून कोणी हा प्लॅन आखलेला नव्हता. एक जुना कायदा, एक खाजगी कंपनी, ब्राझीलची सरकारी लॅब, दक्षिण आफ्रिकेतले कार्यकर्ते, अमेरिकेतले कार्यकर्ते, सगळे आपापल्या कारणाने. खुद्द दक्षिण आफ्रिकेच्या एंबेकी सरकारला तर एचआयव्हीने एड्स होतो हेच पटत नव्हतं, तिथल्या कार्यकर्त्यांना जिंकल्यावर स्वतःच्याच सरकारला कोर्टात खेचावं लागलं. देशांनी नंतर त्यावर आपला शिक्का मारला एवढंच. पण शिक्का मारायलाही माल लागतो. मी तिकडच्या सेमिनारांना जायचो तिथे दिल्लीहून आलेले साहेब लोक वसुधैव कुटुंबकम म्हणायचे, समोरचे मान डोलवायचे, आणि चहाच्या वेळी मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे डिलिव्हरी किती आठवड्यांत.

दुसरी गंमत, थोडी कडू. २००३ मध्ये बुशने आफ्रिकेसाठी १५ अब्ज डॉलरची एड्स योजना जाहीर केली, पेपफार, आणि त्याच भाषणात औषधांचा खर्च १२ हजारावरून ३०० च्या खाली आलाय म्हणून सांगितलं. तो कोणी आणला हे नाही सांगितलं. सुरुवातीला ब्रँडेडच औषध घ्यायचा आग्रह, मग अमेरिकेच्या औषध खात्याने जेनेरिकसाठी वेगळी वाट काढली, आणि पुढे त्या योजनेतल्या बहुतेक गोळ्या भारतातूनच जायला लागल्या. म्हणजे गोळी आपली, झेंडा त्यांचा. दवाखान्याच्या भिंतीवर अमेरिकन जनतेकडून अशी पाटी आणि आत खोक्यावर महाराष्ट्र नाहीतर गोव्यातल्या कारखान्याचा पत्ता. मला राग यायचा पण खरं सांगायचं तर बिल कोण भरतंय हे लोकांना बरोबर कळतं, आणि त्यात चूकही नाही. दांडगा देश असाच असतो, तुमची चांगली कल्पना तो हसतहसत उचलतो आणि तुमच्यापेक्षा मोठी करून दाखवतो. २०२५ च्या सुरुवातीला त्याच अमेरिकेने परदेशी मदत एका फटक्यात थांबवली तेव्हा त्या पाट्या भिंतीवरच होत्या.

आता ही पत वटते कधी आणि बुडते कधी. माझा ठोकताळा सोपा आहे, खोली कुठली आहे ते बघायचं. जिथे एक देश एक मत आहे तिथे पत चालते, जिथे नकाराधिकार आहे किंवा सगळ्यांची सहमती लागते तिथे नुसती पत नाही चालत. दोहालाही सहमतीच लागत होती, पण तिथे हातात गोळी होती.

चालली त्याचं उदाहरण २०१७. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात शेवटच्या जागेसाठी आपले दलवीर भंडारी आणि ब्रिटनचे ग्रीनवूड. सुरक्षा परिषदेत ब्रिटनला ९, आपल्याला ५. आमसभेत आपल्याला १२१, त्यांना ६८. दोन्हीकडे बहुमत लागतं म्हणून फेऱ्यांवर फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत आमसभा हटेना. शेवटी २० नोव्हेंबरला ब्रिटनने माघार घेतली, १९४६ पासून पहिल्यांदा त्या कोर्टात ब्रिटिश न्यायाधीश नाही. ब्रिटन म्हणजे अमेरिका नव्हे हे मान्य, पण कायम सदस्याला असं मागे सरावं लागणं ही साधी गोष्ट नाही. ती १२१ मतं भाषणातून आली नाहीत. १९६४ पासून आयटेक नावाचा प्रोग्रॅम चालू आहे, तिकडचे अधिकारी इथे येऊन काही आठवडे, काही महिने शिकून जातात, खर्च आपला. शिवाय कॉलेजांत शिकून गेलेले वेगळे. आफ्रिकेतल्या कुठल्याही खात्यात जा, एकतरी माणूस भेटतो जो इथे राहून गेलाय. नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले ओबासांजो साठच्या दशकात पुण्यात लष्कराच्या इंजिनिअरिंग शाळेत होते. या गोष्टींची फोटोत बातमी होत नाही, वीस वर्षांनी मतदानात होते.

बुडाली त्याचं उदाहरण २०१०. इराणच्या अणुकार्यक्रमावरून अमेरिका नवे निर्बंध आणत होती, तर ब्राझीलचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लुला आणि तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन तेहरानला गेले आणि १७ मेला करार घेऊन आले की इराण आपलं १२०० किलो युरेनियम तुर्कस्तानात ठेवेल. दोघांचाही त्या वेळी जगात काय भाव होता! आणि अटी अमेरिकेनेच आधी पत्रात सुचवलेल्या अटींच्या जवळपास होत्या. अमेरिकेने थांबायला नकार दिला. ९ जूनला सुरक्षा परिषदेत निर्बंध मंजूर, विरोधात दोनच मतं, ब्राझील आणि तुर्कस्तान. खोलीच चुकीची होती. आपलंही तेच, डिसेंबर २०१४ मध्ये योगा डेच्या ठरावाला १७७ देश सहप्रस्तावक, त्यात चीनही, आणि २०१६ ला सोलमध्ये अणुपुरवठादार गटात शिरायची वेळ आली तर तिथे सहमती लागते, चीनने पाय घातला, विषय संपला. त्यामुळे कोणी १७७ चा आकडा तोंडावर फेकला की मला हसू येतं. आसन करायला कोणाचं काय जातं?

तुर्कस्तानबद्दल मात्र मला खरंच कौतुक आहे. ऑगस्ट २०११, सोमालियात दुष्काळ, राजधानी मोगादिशूत आफ्रिकेबाहेरचा कोणी नेता पाय ठेवत नव्हता, अमेरिकेचे सोमालियाचे अधिकारी नैरोबीत बसायचे. एर्दोआन घरच्यांसकट उतरले. पुढच्या वर्षी तुर्की विमानसेवा सुरू. नैरोबीतले माझे सोमाली व्यापारी ग्राहक, ज्यांना कुठला व्हिसा मिळत नव्हता, ते इस्तंबूलला माल बघायला जायला लागले आणि माझ्या ऑर्डरी कमी झाल्या, म्हणून मला हे फार नीट लक्षात आहे. मग हॉस्पिटल, बंदर, आणि २०१७ मध्ये लष्करी तळ. हा क्रम बघा. विमानाचं तिकीट आधी, बंदूक शेवटी. तळ आला तेव्हा तिथल्या लोकांना तो आपल्याच माणसांचा वाटला.

चीनचं वेगळं, त्यांच्याकडे पैसा एवढा आहे की पत आणि पैसा वेगळा काढता येत नाही. अदिस अबाबात आफ्रिकन युनियनची अख्खी इमारत २० कोटी डॉलर खर्चून बांधून दिली, २०१२ ला. पण एक गोष्ट त्यांच्याकडून शिकण्यासारखी, ते जुनी खाती कधी बंद करत नाहीत. सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, १९४२ ला तिथेच वारले. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकाबाहेर फारशी आठवण नाही, त्यांनी शिजियाझुआंगला पुतळा उभारला आणि त्यांचे नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना भेटायचे, २०१४ ला शी जिनपिंगही भेटले. आपल्याच माणसाची पुण्याई त्यांनी आपल्यासमोर वापरली! अर्थात गलवानला त्याचा काही उपयोग झाला नाही, ना त्यांना ना आपल्याला.

आता लशींचं, कारण ते न सांगता उत्तर दिलं तर मी खोटा. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने पुन्हा तोच २००१ चा डाव टाकला, कोविडपुरते पेटंटचे नियम बाजूला ठेवा. २० जानेवारी २०२१ ला भूतान आणि मालदीवला पहिल्या लशी गेल्या, बहुतेक माल पुण्याच्या सीरमचा, श्रीमंत देश साठे करत असताना. ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षाने हनुमानाचं चित्र टाकून आभार मानले. माझा फोन त्या दोन महिन्यांत जेवढा वाजला तेवढा पंचवीस वर्षांत नाही, जुने जुने लोक अभिनंदन करत होते जसं काय मीच बाटल्या भरतोय. आणि मग एप्रिल. इथे दुसरी लाट, ऑक्सिजन नाही, स्मशानात रांगा, निर्यात थांबली. थांबवायलाच हवी होती, त्यावर माझा वाद नाही, घरची माणसं मरत असताना कोण बाहेर पाठवेल. पण बांगलादेशने ३ कोटी डोसांचा करार केलेला, लोकांचा पहिला डोस झालेला आणि दुसरा कुठे आहे म्हणून विचारत होते. तिथे चिनी लस आली. भूतानचा दुसरा डोस बराचसा अमेरिकेकडून आला. धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते, ज्याने कधीच माल दिला नाही त्याला कोणी शिव्या देत नाही, अर्धा देऊन थांबतो त्याला देतात. अमेरिकेने मे २०२१ मध्ये लशींचं पेटंट उठवायला तोंडी पाठिंबा दिला, आणि जून २०२२ ला जे हाती आलं ते इतकं पातळ होतं की विचारू नका. दोहाच्या वेळी आपल्या हातात ३५० डॉलरची गोळी होती. या वेळी बोलणी चालू असताना हात रिकामे होते, ते समोरच्याला दिसत होतं.

शेवटचं, आणि हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. दार-ए-सलामला औषध रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात एक साहेब होते, ऐंशीच्या दशकात पुण्यात बी.फार्म केलेले. मला बघितलं की मराठीत "काय म्हणता" म्हणायचे आणि डेक्कनवरच्या कुठल्यातरी खाणावळीच्या आमटीची चौकशी करायचे. काम नियमानेच करायचे, फेवर कधी नाही, पण डॉसियरमध्ये, म्हणजे औषधाच्या फाइलमध्ये, काही कमी असेल तर नाकारायच्या आधी फोन करायचे. एवढंच, पण तो फोन म्हणजे सहा महिने वाचायचे. २०१६ च्या सुमारास त्यांचा पुतण्या शिकायला पुण्यात आला. त्याला घर मिळेना. मी स्वतः फिरलो त्याच्यासोबत, फोनवर हो म्हणायचे आणि पोरगा दारात दिसला की पाहुणे येणार आहेत, विकायला काढलंय, काहीही. तीन आठवडे. त्याच सुमाराला दिल्लीत काँगोच्या एका तरुणाचा खून झाला, पुढच्या वर्षी ग्रेटर नोएडात नायजेरियन पोरांना मारहाण, आफ्रिकी राजदूतांनी मिळून याला वंशद्वेष म्हटलं. २०१८ मध्ये घानाच्या विद्यापीठातून गांधीजींचा पुतळा हलवला, त्याची कारणं वेगळी होती, गांधीजींच्या तरुणपणच्या लिखाणाची, पण मागे हा राग नव्हता असं मला कोणी सांगू नये. पुतण्याला शेवटी घर मिळालं, शहराबाहेर, दीडपट भाड्याने. त्याने डिग्री घेतली आणि गेला. साहेबांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही, कामही पहिल्यासारखंच चालू राहिलं. फक्त त्या पोराच्या धाकट्या भावाची वेळ आली तेव्हा त्यांनी त्याला तुर्की सरकारच्या स्कॉलरशिपवर अंकाराला पाठवलं, आणि पुढच्या भेटीत ते माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलले.